दाढीच्या डब्याचे प्रस्थान

मी एक जुना दाढीचा डबा आहे. हसू नका, मित्रांनो. तुमच्यापैकी अनेकांनी दाढीचा डबा पाहिलेलाही नसेल. हल्ली फेस येणारी एक नळी आणि प्लास्टिकचे रेझर एवढ्यावर सगळा कारभार आटोपतो. माझ्या काळी दाढी हा सकाळचा सोहळा होता. वाटीत गरम पाणी, साबणाची वडी, ब्रश, रेझर, पात्यांची पुडी, तुरटीचा खडा, आणि हे सगळे बिऱ्हाड पोटात घेऊन बसलेला मी. माझ्या झाकणाला आतून आरसा आहे. झाकण उघडून खिडकीला टेकवले की झाले. एका माणसाचा चेहरा मी अकरा वर्षे रोज पाहिला, आणि त्याच्या आईसाठी मी जे केले ते आजवर कुठल्या दाढीच्या डब्याने केले असेल असे मला वाटत नाही. हा गर्व आहे असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. गर्व करण्यासारखे काही केले असेल तर तो केलाच पाहिजे.

माझा जन्म १९९२ साली तुर्भ्याच्या एका कारखान्यात झाला. तिथे पंपांचे सुटे भाग बनत. त्या वर्षी काम आटले होते आणि टूलरूम बंद करायची भाषा सुरू झाली होती. अशा वेळी विक्री खात्यातल्या दिनानाथ नावाच्या इंजिनिअरने मद्रासला चार खेपा घातल्या आणि एक मोठी ऑर्डर पदरात पाडून आणली. टूलरूम वाचले. तिथे जोतीराम म्हणून एक फिटर होते, साताऱ्याकडचे. तोंडाने कमी बोलत, हाताने जास्त. उरलेल्या जाड अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून त्यांनी मला घडवले. आठ दिवस जेवणाच्या सुटीत भाकरी चार घासांत संपवून ते माझ्याकडे येत. माझी बिजागरी त्यांनी स्वतः बनवली, कडा कानशीने अशा घासल्या की तान्ह्या बाळाच्या हातात दिला तरी ओरखडा उठू नये. त्यांच्या पत्नी शालनकाकूंनी आतून जांभळ्या मखमलीचा तुकडा बसवून दिला. आरशाच्या मागे जोतीरामांनी एक चपटा कप्पा ठेवला होता.

"सायेब, तुमी ऑर्डर आनली म्हनून आमची चूल पेटलेली ऱ्हायली," मला दिनानाथच्या हातात देताना ते म्हणाले. "ह्यो डबा प्रवासाला न्या. विमानातनं पडला तरी पोचा यायचा न्हाई. आनि आरशामागं तिकीट-बिकीट ठेवायला जागा केलीया."

 दिनानाथने मला दोन्ही हातांनी घेतले, एवढे मला आठवते.

अशा रीतीने मी नेरुळला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. घरात तीन माणसे. दिनानाथ, वाशीच्या शाळेत गणित शिकवणारी त्याची बायको सुनीती, आणि त्याची आई मालतीबाई. दिनानाथ महिन्यातून एकदा तरी विमानाने फिरतीवर जाई आणि मी त्याच्याबरोबर. मद्रास, कोइमतूर, कलकत्ता, दिल्ली. बारा गावचे पाणी प्यायलेला माणूस असे तुम्ही म्हणता ना, मी ते खरोखर प्यायलो आहे. मद्रासच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि कलकत्त्याच्या हॉटेलात गरम पाणी दहानंतर येते, ही माहिती तुम्हाला कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

त्या वर्षांत नव्या विमान कंपन्यांचे नुसते पेव फुटले होते. आज एक निघे, उद्या दुसरी. सतत फिरणारी माणसे आपल्याच विमानात बसावीत म्हणून प्रत्येकीची काही ना काही योजना. एक कंपनी गुण देई, दुसरी कार्ड देई, तिसरी बॅगेला लावायचा पट्टा देई. १९९४ च्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी दिनानाथने अशा तीन कंपन्यांची गुळगुळीत माहितीपत्रके माझ्या शेजारी पसरली आणि तोंडाला साबण लावून ती वाचत बसला. साबण वाळून गेला तरी त्याचा निर्णय होईना.

तेवढ्यात त्याच्याच खात्यातला विश्वजित आला. त्याने खिशातून एक सोनेरी कार्ड काढून टेबलावर ठेवले. ते निळ्या शेपटीच्या विमानांच्या कंपनीचे होते.

"दिन्या, विचार काय करतोस? हे घे. लाउंजमध्ये सोफ्यावर बसायचं, कॉफी प्यायची, बॅग सगळ्यांच्या आधी बाहेर. साडेनऊचं आरामात विमान. आपण एवढं मर मर फिरतो, जरा स्टेटस नको? मला तर ती एअर होस्टेस आता नावानं हाक मारते."

"कार्डावर तुमचं नाव लिहिलेलं असतं, भावजी," सुनीती चहा ठेवत म्हणाली.

विश्वजित हसला, पण त्याने कार्ड काही टेबलावरून उचलले नाही. दिनानाथ त्याच्याकडे बघत होता. मी आरसा आहे, मला चेहरा कळतो. त्याला ते कार्ड हवे होते. दहा वर्षे रात्रंदिवस राबलेल्या माणसाला कुणीतरी सोफ्यावर बसवावे असे वाटले तर त्यात गैर काय?

पण त्या घरात त्याच आठवड्यात एक अंतर्देशीय पत्र आले होते. मद्रासहून, मालतीबाईंच्या थोरल्या बहिणीचे, अरुणामावशीचे. लग्न होऊन ती रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर मद्रासला गेली आणि तिथलीच झाली. दोघी बहिणी अकरा वर्षांत भेटल्या नव्हत्या. मावशीला काचबिंदू झाला होता. डॉक्टर म्हणाले होते की गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती दिवस राहील ते सांगता येत नाही. पूर्वी तिचे पत्र म्हणजे मुंग्यांची रांग असे, घडीच्या कडेवरही दोन ओळी कोंबलेल्या. आता अक्षर वाढत वाढत चालले होते. या पत्रात सगळ्या मिळून नऊ ओळी मावल्या होत्या. शेवटची ओळ होती, "मालू, तुझे तोंड एकदा नीट बघायचे आहे."

मालतीबाईंच्या मणक्यात दोष होता. अर्धा तास बसल्या की उठवत नसे. रेल्वेचा सव्वा दिवस त्यांना झेपणारा नव्हता आणि विमानाचे तिकीट काढणे घराला झेपणारे नव्हते. दिनानाथचे तिकीट कंपनी काढी, आईचे कोण काढणार? मालतीबाईंनी पत्र वाचले, घडी करून देवाच्या कोनाड्यात ठेवले आणि त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत. त्यांचा तो स्वभावच होता.

विश्वजित गेल्यावर सुनीतीने तिन्ही माहितीपत्रके आपल्याकडे ओढली. गणिताची बाई ती. वरचे ठळक अक्षर तिने सोडून दिले आणि तळाचे बारीक अक्षर वाचायला घेतले.

"तुम्ही तिघींना विचारताय, मला काय मिळेल. एकच प्रश्न विचारायचा. फुकट मिळालेलं तिकीट घरच्या माणसाला देता येतं का?"

दिनानाथच्या हातातला ब्रश थांबला.

सुनीतीने तिन्ही कंपन्यांना पत्रे लिहिली. उत्तरे आली. सोनेरी कार्डवाल्या कंपनीचे तिकीट फक्त कार्डधारकासाठीच होते. दुसरीचे घरच्यांना देता येत होते, पण तेवढे गुण जमायला दिनानाथच्या गतीने तीन वर्षे लागली असती. तिसरी कंपनी लहान होती, पिवळ्या पट्ट्याची, मोजकी विमाने असलेली. तिच्याकडे संगणकाचा थाट नव्हता. सोळा चौकोनांचे एक जाड कार्ड होते. एका प्रवासाला एक शिक्का, तोही विमानात बसण्याआधी काउंटरवरच मारून घ्यायचा. मागाहून मिळणार नाही. पहिल्या एप्रिलपासून एकतीस मार्चपर्यंत सोळा चौकोन भरले की रक्ताच्या नात्यातल्या कुणाही एकाला जाण्यायेण्याचे तिकीट.

गंमत अशी की हिचे मद्रासचे विमान सकाळी पावणेसातला उडे. म्हणजे नेरुळहून पहाटे चारला निघायचे, कारण वाशीचा पूल एकदा तुंबला की विमान तुमच्या डोक्यावरून जाई. सोफा नाही, कॉफी नाही. खायला एक गार सँडविच.

"मावशीची नजर तीन वर्षं थांबेल का?" सुनीतीने विचारले.

दिनानाथने वाळलेला साबण धुऊन टाकला, नवा लावला आणि माझ्यात बघत दाढी पुरी केली. मग पिवळ्या पट्ट्याचा अर्ज भरला. कार्ड आले तसे त्याने ते माझ्या आरशामागच्या कप्प्यात ठेवले. आईला सांगायचे नाही असे नवराबायकोचे ठरले. सांगितले असते तर त्या म्हणाल्या असत्या, मला म्हातारीला कशाला विमान. शिवाय सोळा चौकोन भरलेच नाहीत तर उगाच आशा लावल्यासारखे झाले असते.

ते वर्ष माझ्या आयुष्यातले सगळ्यात मानाचे. दिनानाथ पहाटे तीनला उठे, माझ्यापुढे झोपाळू डोळ्यांनी बसे, कधी हनुवटी कापून घेई आणि तुरटी लावे. आदल्या रात्री तो कप्प्यातून कार्ड काढून शर्टाच्या खिशात ठेवी आणि परत आल्यावर नवा शिक्का बघून पुन्हा माझ्याकडे देई. ऑफिसमध्ये त्याचे हसे व्हायचे ते व्हायचेच. विश्वजित त्याला "शिक्केवाले" म्हणू लागला. पावसाळ्यात एक फेरी रद्द झाली, नोव्हेंबरात तो तापाने पडला आणि गणित कोसळले. जानेवारीत साहेबांनी त्याच्यासाठी निळ्या शेपटीचे तिकीट काढवले, तर हा पठ्ठ्या ते बदलून पहाटेचे घेऊन आला. मार्च अर्धा गेला तेव्हा चौदा शिक्के होते. एकच फेरी शिल्लक होती. गुरुवारी, तीस मार्चला मद्रासला जायचे आणि शुक्रवारी एकतीसला परत यायचे. पंधरावा आणि सोळावा.

आणि नेमकी इथेच मालतीबाईंनी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर बोट ठेवले.

"गुरुवारी दक्षिणेला निघतोस? गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ असतो. आणि त्यात अमावास्या. शुक्रवारी जा."

"आई, मीटिंग गुरुवारीच आहे."

"पाडव्याला दोन दिवस उरलेत आणि तुला अमावास्येला घराबाहेर काढू? माझं ऐकायचं नसेल तर निदान प्रस्थान तरी ठेवू."

मित्रांनो, प्रस्थान म्हणजे काय ते तुम्हाला सांगितले पाहिजे. वाईट दिवशी प्रवास टळत नसेल तर आपल्याबरोबर जाणारी एखादी वस्तू आदल्या चांगल्या दिवशी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला असे धरतात. मग निघताना वाटेत ती वस्तू उचलायची आणि पुढे जायचे. आपल्या लोकांची ही युक्ती मला फार आवडते. देवालाही समजावता येते यावर विश्वास असल्याशिवाय अशी युक्ती सुचत नाही.

शेजारच्या फ्लॅटमध्ये प्रस्थान ठेवायला मालतीबाई तयार नव्हत्या. "ते म्हणजे घरातल्या घरात फिरवल्यासारखं. शीव ओलांडली पाहिजे," त्या म्हणाल्या. बुधवारी दुपारी खाडीकाठच्या सारसोळे गावची कोळीण पुतळा मासे घेऊन आली. वीस वर्षे मासळी विकणारी बाई, आणि या घरात आठवड्यातून दोनदा यायची. तिचे आणि मालतीबाईंचे चांगले मेतकूट होते. मालतीबाईंनी इकडेतिकडे पाहिले, आणि मला उचलून तिच्या हातात दिले. सुपारी किंवा हळकुंड ठेवले असते तर भागले असते. पण त्यांचे म्हणणे, सुपारी काय मद्रासला जाणार आहे? जी वस्तू जाणार तीच ठेवायची.

"माज्या घरी दिव्याम्होरं ठेवतंय," पुतळा म्हणाली. "तुमी टेन्शन नका घेव, मालतीबाय. कवाचं इमान हाय?"

"पावणेसातचं, सांताक्रूझहून. चारच्या सुमाराला तो टॅक्सी घेऊन तुझ्या दारात येईल."

आरशामागे चौदा शिक्क्यांचे कार्ड आहे हे मालतीबाईंना ठाऊक नव्हते. ज्यांच्यासाठी ते कार्ड, त्यांनीच ते घराबाहेर पाठवले. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. पण डब्याला बिजागरी असते, जीभ नसते.

पुतळाने मला धुतलेल्या फडक्यावर दिव्यासमोर ठेवले. पहाटे ती उठली, अंगण झाडले आणि दारात बसली. चार वाजले. सव्वाचार वाजले. टॅक्सी आली नाही.

तिकडे काय झाले ते मी पुढे इतक्या वेळा ऐकले आहे की मला पाठ झाले आहे. टॅक्सीचे चाक पंक्चर झाले आणि ती साडेचारला उगवली. दिनानाथ कासावीस झाला होता. सुनीती जिन्यातून म्हणाली, "सारसोळ्याला वळायचंय, डबा घ्यायचाय." तो म्हणाला, "आता वळलो तर पुलावर अडकेन. दाढीचं सामान काय, तिथंही मिळेल." आणि शर्टाच्या खिशावर हात मारून त्याने खात्री करून घेतली. खिशात काहीतरी जाड लागले. ते विमानाचे तिकीट होते. आदल्या रात्री मी घरी नव्हतो, म्हणून कार्ड काढून ठेवायची रोजची सवय चुकली होती. सुनीतीलाही वाटले की कार्ड खिशात आहे. टॅक्सी थेट महामार्गाला लागली.

पावणेपाच झाले तशी पुतळा उठली. तिचा नवरा गंगाराम टेम्पोत बर्फ आणि मासळी भरून चेंबूरच्या बाजाराला निघाला होता. ती मला कमरेशी धरून टेम्पोत चढली.

"गंगाराम, सांताक्रूझला घे."

"इमानतळावर? आनि ही मासळी?"

"मासळी थांबंल. मालतीबायचा पोर प्रस्थान सोडून गेलाय. उचललं नाय तं मानूस अर्ध्या वाटंवर अडतं. माज्या घरातून ठेवलेलं प्रस्थान हाय, उद्या मी त्या बाईला काय तोंड दाखवू?"

गंगारामने पुढे काही विचारले नाही. वीस वर्षांच्या संसारात त्याने एवढे शिकून घेतले होते. टेम्पो पुलावरून धावत सुटला. अजून उजाडले नव्हते, पुलाच्या दिव्यांत खाडीवरचे पांढुरके धुके दिसत होते आणि मी, एक दाढीचा डबा, सुरमई आणि बोंबलांच्या मांदियाळीत विमानतळाकडे चाललो होतो. पुतळाने मला मांडीवर असा घट्ट धरला होता की रस्त्यातला एकही खड्डा मला लागला नाही.

माणूस खरोखर अडला होता. दिनानाथ काउंटरवर पोहोचला, खिशात हात घातला तर हातात नुसते तिकीट आले. त्याने ब्रीफकेस तिथेच फरशीवर उघडली. कागद, पंपांचे नकाशे, नमुने, सगळे उलटेपालटे केले. काउंटरवरची मुलगी भली होती. पण ती म्हणाली, "सर, कार्ड नसेल तर शिक्का मारता येत नाही. नंतरही नाही. नियम आहे." आजचा शिक्का हुकला तर उद्याचा मिळूनही पंधराच होणार होते, आणि उद्याच कार्डाची मुदत संपत होती. दिनानाथ सांगतो, की त्या क्षणी त्याला मावशीचे पत्र दिसले नाही, वर्षभराचे कष्टही दिसले नाहीत. कोनाड्यात कागद ठेवून मुकाट्याने पोळ्या लाटायला बसलेली आई दिसली.

इकडे दारावरच्या शिपायाने पुतळाला अडवले.

"तिकीट दाखव."

"तिकीट त्याच्याकडं हाय. डबा माज्याकडं हाय."

"तिकीट नाही तर आत जाता येणार नाही, बाई."

"मना आत जायचंच नाय. त्याला भायेर बोलीव."

शिपाई म्हणाला की इथे शेकडो लोक आहेत, कुणाला म्हणून बोलवू? तेव्हा पुतळाने मला डोक्यावर घेतले, एक हात कमरेवर ठेवला आणि हाक दिली. खालच्या रस्त्यावरून तिसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरात पोचणारी हाक होती ती.

"मालतीबायच्या दिनाऽऽ! तुजं प्रस्थान आनलंय रंऽऽ!"

काचेचे दार उघडमीट होत होते, त्यातून ती हाक आत शिरली आणि सगळ्या रांगा ओलांडून गेली. सफारी घातलेले साहेब वळले. सोफ्यावरचे कॉफी पिणारेही वळले असतील. दिनानाथ कागद तसेच फरशीवर टाकून धावत आला. पुतळाने मला त्याच्या हातात दिले नाही, आधी त्याची कानउघाडणी केली. आईनं ठेवलेलं असं सोडून जातंत का, शिकलेली मानसं ना तुमी? तो नुसता मान हलवत होता. मग तिने मला दिले. त्याने माझे झाकण उघडले, आरशामागून कार्ड ओढले आणि तो काउंटरकडे पळाला.

पंधरावा शिक्का पडला. थोडा तिरका पडला, घाईत. दुसऱ्या दिवशी मद्रासहून निघताना सोळावा पडला, तो अगदी सरळ. पंधराव्याचे श्रेय मी पुतळाला देतो. पण ते कार्ड माझ्या कप्प्यात होते आणि तिच्या मांडीवर मी होतो, हे मी कुणाला विसरू देणार नाही.

शनिवारी पाडवा होता. गुढी उभारल्यावर दिनानाथने आईसमोर ते भरलेले कार्ड ठेवले आणि सगळे सांगितले. मालतीबाई खूप वेळ चौकोनांवरून बोट फिरवत होत्या.

"वर्षभर पहाटे उठत होतास, ते ह्यासाठी? मला वाटायचं साहेबांनी तुला छळायचं मनावर घेतलंय."

"जाशील ना आई?"

"जाईन. पण आधी पुतळाला श्रीखंड नेऊन दे."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दिनानाथच्या फिरतीला जोडून त्या निघाल्या. मला त्यांनी बॅगेत जाऊ दिले नाही. "हा मला पोचवणारा डबा आहे," म्हणून मांडीवर घेऊन बसल्या. पावणेदोन तास त्या ताठ बसल्या. पाठ दुखली असणार, पण बोलल्या नाहीत.

मैलापूरच्या घराच्या दारात अरुणामावशी उभी होती. आता तिला कडेचे काही दिसत नसे, समोरचे तेवढे नळीतून पाहावे तसे दिसे. तिने बहिणीला दारात मिठी मारली नाही. मनगटाला धरून थेट खिडकीपाशी उजेडात नेले आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन थोडा थोडा करून पाहू लागली. आधी कपाळ, मग एक डोळा, मग दुसरा, मग नाक, मग हनुवटी.  दिनानाथ बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

"मालू," मावशी शेवटी म्हणाली, "तू अगदी आई झालीस गं."

"आणि तू कोण झालीस ते बघ," म्हणत मालतीबाईंनी माझे झाकण उघडले आणि आरसा दोघींच्या समोर धरला. दोन पांढरी डोकी माझ्यात एकमेकींना टेकली. मावशीने आरसा जवळ ओढला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. सगळे दिसेपर्यंत ती हलवत राहिली. मग दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी हजारो वेळा एका पुरुषाचा साबण लावलेला चेहरा दाखवला आहे. तो माझा धंदा. पण जोतीरामांनी मला आठ दिवस घासून घडवले ते या दुपारसाठी, असे मी मानतो.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास मावशीची नजर पुरती गेली. फोनवर ती मालतीबाईंना म्हणाली, "काही हरकत नाही. तुझं तोंड मी बघून ठेवलंय."

पुढे पिवळ्या पट्ट्याची कंपनी बंद पडली. दिनानाथने निळ्या शेपटीचे सोनेरी कार्ड घेतले आणि सोफ्यावर बसून कॉफीही प्यायला. विश्वजित एकदा घरी आला असताना मला हातात घेऊन म्हणाला, "दिन्या, माझ्या कार्डानं मला सगळं दिलं. माझ्या आईला मात्र मी ते नुसतं दाखवलं." त्यानंतर त्याने कधी दिनानाथला "शिक्केवाले" म्हटले नाही. काही वर्षांनी विमानातून चेन लावलेली एक मऊ पिशवी फुकट मिळाली आणि दिनानाथचे दाढीचे सामान तिच्यात गेले. मी माळ्यावर गेलो. माझी मखमल विटली आहे, आरशाला काळे ठिपके पडले आहेत, आणि बिजागरी आता तेल मागते. वर्षातून एकदा सुनीती मला खाली काढते आणि फडक्याने पुसते. पोचा मात्र अजून एकही आलेला नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकून द्यायची झाली तर आधी ती एकदा उघडून बघा आणि कुणाच्या हातांनी घडली ते विचारा. कुठलीही कंपनी कार्ड, गुण, बक्षीस देऊ लागली, तर ते कुणासाठी मिळवायचे हे आधी ठरवा आणि मग अर्जावर सही करा. आणि कुणाकडे जायचे राहिले असेल तर दिवस बघा, दिशा बघा, हवे तर प्रस्थान ठेवा, पण जा. वाट बघणारे माणूस थांबते, मित्रांनो. त्याचे डोळे थांबत नाहीत.